आरंभत्याग आणि पेढीतील भांडवल

आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. त्यांपैकी आठवी आरंभत्यागाची, नववी परिग्रहत्यागाची व दहावी अनुमतित्यागाची. आठव्या पायरीवर श्रावक सेवा, कृषी, वाणिज्य आदी उद्योग सोडतो. संपत्ती सुटते ती त्यापुढील पायरीवर. हा क्रम आत्मकल्याणासाठी आहे, द्रव्यसंचयासाठी नव्हे, हे खरे. तथापि व्यापाऱ्याने त्यातून व्यवहाराचा बोध घेण्यास हरकत नसावी. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. घर व दुकान मुलांच्या नावे होते, आणि वडील सत्तराव्या वर्षीही गादी सोडीत नाहीत. कारण त्यांचे स्वतःचे म्हणावे असे सारे द्रव्य पेढीतच गुंतलेले असते. (दहाव्या प्रतिमेचे, म्हणजे सल्ला न देण्याचे, तर नावच नको!)

पेढीतील भांडवल म्हणजे म्हातारपणाची पुंजी, हा समज तपासून पाहावा. समजा, ताळेबंदात आपल्या नावे ४० लाख रुपये आहेत. त्यांतील १५ लाखांचा माल, १८ लाखांची उधारी, ५ लाखांचे फर्निचर व वाहन, आणि रोख अवघी २ लाख. माल उठेल त्या भावाने जावयाचा, उधारी वसूल होईल तेवढीच खरी. शिवाय घरखर्चाचाही अंदाज चुकतो. धान्य दुकानातून येते, गाडीचे इंधन पेढीच्या खाती पडते, त्यामुळे संसाराला खरोखर किती लागते हे कोणासच ठाऊक नसते. एक वर्षभर तरी ही सर्व उचल खतावणीत निराळी मांडावी. महागाई दरसाल ६ टक्के धरली, तर साठाव्या वर्षी ४० हजारांत भागणारा महिना बहात्तराव्या वर्षी सुमारे ८० हजार मागेल.

यास्तव दरवर्षीच्या नफ्यातून काही अंश पेढीबाहेर नेणे अवश्य आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत वर्षास दीड लाख रुपयांपर्यंत भरता येतात व मुदत १५ वर्षांची असते. पंचेचाळिशीत आरंभ केल्यास साठीच्या सुमारास रक्कम हाती येते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्याचा विशेष असा की, खातेदाराच्या कर्जापायी न्यायालयाच्या हुकुमाने या रकमेवर जप्ती येत नाही. करांच्या थकबाकीस मात्र हे संरक्षण गृहीत धरू नये. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेव ठेवता येते व व्याज दर तिमाहीस मिळते.

आता भागीदारीविषयी, कारण खरी फसगत तेथेच होते. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यान्वये प्रत्येक भागीदार पेढीच्या देण्यास आपल्या खाजगी मिळकतीनिशी जबाबदार असतो. पुतण्यास 'आता तूच सांभाळ' असे सांगून घरी बसल्याने ही जबाबदारी संपत नाही. निवृत्तीची जाहीर सूचना द्यावी लागते: नोंदणीकृत पेढी असल्यास निबंधकाकडे, तसेच राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका देशी भाषेच्या वृत्तपत्रात. तोपर्यंत पुतण्याने पेढीच्या नावे नवे कर्ज काढले, तर त्याचा धनको काकांच्याही दारी येऊ शकतो. निवृत्तीपूर्वीच्या देण्यांतून सुटका हवी असेल, तर धनकोची संमती लागते.

हिशेब न चुकविता उरलेल्या भागीदारांनी धंदा तसाच चालू ठेवला, आणि करारात निराळे काही ठरलेले नसेल, तर निवृत्तास दोहोंपैकी एक निवडता येते: त्याच्या हिश्श्याच्या रकमेवर मिळविलेल्या नफ्यातील वाटा, किंवा त्या रकमेवर दरसाल ६ टक्के व्याज. पण घरच्याच माणसांकडे कायद्याने मागण्याची पाळी कोणास आवडेल? म्हणून मालाचे व पेढीच्या नावलौकिकाचे मोल कसे ठरवावे, रक्कम किती हप्त्यांत व किती व्याजाने द्यावी, हे भागीदारीपत्रात सर्वांचे संबंध गोड असतानाच लिहून घ्यावे. पुष्कळ जुन्या पत्रांत हे कलमच नसते. येत्या वहीपूजनापूर्वी आपले पत्र तिजोरीतून काढून एकदा वाचावे, आणि ते कलम नसेल तर वकिलाकडून घालून घ्यावे.