साखरेची खूण डोळ्यांत, काळजी हृदयाची

चष्मा लावला की सुईत दोरा एका दमात ओवता येतो. तांदूळ निवडताना खडा सुटत नाही. मग डोळे कशाला तपासायचे? मैत्रिणींनो, तुम्ही असंच म्हणत असाल. कात्रजला आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनीही हेच म्हणत.

वहिनींना सात वर्षांपासून मधुमेह आहे, यजमानांनाही आहे. यजमानांची उपाशीपोटीची साखर किती, हे वहिनींना तोंडपाठ. स्वतःची विचारली तर म्हणायच्या, "असेल बाई थोडी जास्त!" अखेर मुलीने हट्टाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी थेंब घालून पाहिलं आणि म्हणाले, "नंबर ठीक आहे, पण डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत. आता रक्तदाब आणि हृदयही तपासून घ्या."

दुखणं डोळ्याचं आणि तपासायचं हृदय? वहिनी चक्रावल्याच. पण तपासणीत रक्तदाब बराच वाढलेला निघाला, आणि हृदयाच्या आलेखात पूर्वी कधीतरी सौम्य झटका येऊन गेल्याची खूण दिसली. जिना चढताना लागणारी धाप त्यांनी 'वय झालं' म्हणून अंगावर काढली होती.

हा संबंध समजून घ्यायला कात्रजचंच उदाहरण पुरे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथल्या तलावाचं पाणी जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. त्या वाटेवर मधूनमधून उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून डोकावलं की आतलं पाणी कसं वाहतंय ते दिसे. डोळा हा शरीराचा असाच उच्छ्वास आहे. कुठेही न कापता रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतात, त्या इथेच.

रक्तात साखर सतत जास्त राहिली की पडद्यावरच्या केसाहून बारीक वाहिन्या कमकुवत होतात, फुगतात, पाझरतात. मोठ्या वाहिन्यांना तीच साखर, वाढलेला रक्तदाब आणि चरबी आतून त्रास देत असतात. म्हणूनच प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे टाइप टू मधुमेहात ज्यांच्या पडद्यावर खुणा दिसतात, त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर मधुमेहींपेक्षा सुमारे दुप्पट असल्याचं अनेक पाहण्यांत आढळलं आहे. ठिपके दिसले म्हणजे झटका येणारच, असं मात्र नाही. ती वेळेवर मिळालेली सूचना आहे. आणि डोळे स्वच्छ निघाले म्हणून हृदयाकडे दुर्लक्षही करू नये.

"पण मी कुठे जाड आहे?" असंही आपण म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांतही चरबी लपलेली असते, ती अशी.

दिलासा एवढाच की डोळा आणि हृदय दोन्ही सांभाळणारे उपाय बरेचसे एकच आहेत. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्या मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवला, त्यांच्यात डोळ्यांचा विकार वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी, तर पक्षाघाताचं ४४ टक्क्यांनी कमी झालं.

एवढं नक्की करा

मधुमेह कळला त्याच वर्षी पडद्याची तपासणी करावी. पुढे वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तशी. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसतं, म्हणून सोबत कुणाला तरी न्यावं. स्कूटर स्वतः चालवू नये.

डोळ्यांचा कागद नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावा. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवीतली प्रथिने यांची तपासणी कधी करायची ते विचारावं.

पापड, लोणचं, फरसाण यांवर हात आखडता घ्यावा. मीठ त्यांतूनच नकळत पोटात जातं. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी भरपेट खाऊ नये. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले किंवा पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नेहमीपेक्षा वेगळी धाप, दरदरून घाम, जबडा किंवा पाठ दुखणं याला 'पित्त झालं असेल' म्हणून घरी बसू नये, ताबडतोब रुग्णालयात जावं.

वहिनी आता गोळ्या वेळेवर घेतात आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज सकाळी फिरायलाही जातात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर यजमानांच्या तपासणीच्या तारखेशेजारी दुसरी एक तारीख लिहिलेली असते, त्यांची स्वतःची. तुमच्या कॅलेंडरवर आहे का?