नळीत काय उरतं?

सिंधुदुर्गातल्या खेड्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असलेली घरं आजही आहेत. आजोबांनी कधीकाळी घेतलेली एकनळी किंवा दुनळी बारा बोअर असते. आजोबा गेल्यावर रीतसर अर्ज होऊन परवाना वारसाच्या नावावर होतो आणि बंदूक अशा नातवाच्या हाती येते, ज्याने आयुष्यात कधी चाप ओढलेला नसतो. तिकडे शहरांत २००४ साली राज्यवर्धनसिंह राठोड यांनी अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवल्यापासून उडत्या तबकड्या फोडण्याचा खेळ मराठी घरांतही ओळखीचा झाला. शेतकरी असो वा खेळाडू, छऱ्यांची बंदूक दोघांचीही एकाच तत्त्वावर चालते. नवखा माणूस तिच्या दस्त्याच्या चकाकीवर मेहनत घेतो. मेहनत घ्यायला हवी ती नळीवर, आणि त्यासाठी आधी नळीत काय घडतं हे समजून घ्यायला हवं.

‘बारा बोअर’ हा आकडा वजनातून आला आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास भरतो सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर त्या लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद असते. आकडा वाढला की नळी बारीक होते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

चाप ओढला की घोडा पडतो, काडतुसाच्या बुडातली टोपी पेटते आणि तिच्या ज्वाळेने दारू पेट घेते. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतला, दाब शिगेला पोचतो. आजच्या नेहमीच्या बारा बोअर काडतुसासाठी त्याची मान्य मर्यादा ७४० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातशे पटींहून अधिक आहे. काडतुसाच्या बुडामागच्या पोलादावर त्या क्षणी दीड-दोन टनांचा रेटा येतो. पुढे छरे सरकत जातात तशी वायूला जागा मिळते आणि दाब झपाट्याने उतरतो. म्हणूनच नळी चेंबरपाशी जाड असते आणि तोंडाकडे तिची भिंत एखाद्या मिलिमीटरच्या आसपास येते. हा पातळपणा कारागिराने मुद्दाम राखलेला असतो, कारण दोन्ही नळ्या जाड ठेवल्या तर बंदूक खांद्याला लावून फिरवताच येणार नाही.

या पातळ भागात काही अडकलं तर काय होईल? सेकंदाला सुमारे चारशे मीटर वेगाने येणारे छरे तिथे अडतात, मागचा वायू त्यांच्यावर येऊन आदळतो आणि त्या एका जागी दाब अचानक उसळतो. नळी तिथे कड्यासारखी फुगते, नाहीतर फाटते. अडथळा फार मोठा असावा लागत नाही. बांधावर टेकल्याने तोंडात गेलेला चिखल किंवा साफ करताना आत राहिलेली चिंधी पुरते. कोकणात आणखी एक धोका आहे कुंभारीण माशीचा. तिला मातीचं घर बांधायला नळीचं भोक अगदी सोयीचं पडतं. म्हणून बंदूक हाती घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ती उघडून, चेंबर रिकामं आहे हे पाहून, नळ्या उजेडाकडे धरून आरपार पाहणं. चांगल्या नळीत उजेडाची एकात एक गोल कडी अखंड दिसतात. एखादं कडं मोडलेलं, वाकडं किंवा सावलीने झाकोळलेलं दिसलं, तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे असं समजावं आणि ती बंदूक वापरू नये.

सर्वांत भयंकर अडथळा माणूस स्वतःच्या हाताने घालतो. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या चेंबरमध्ये टाकलं, तर ते आत घसरतं आणि चेंबर जिथे अरुंद होऊन नळीला मिळतं तिथे अडकून बसतं. घाईत पाहणाऱ्याला चेंबर रिकामंच वाटतं. चाप ओढला तर नुसता खट् आवाज होतो. काडतूस घालायचंच राहिलं असेल असं समजून माणूस मागून बारा बोअरचं काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि नळी डाव्या हाताच्या बोटांपाशीच फुटते. यासाठीच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज पडला. दोन बोअरची काडतुसं एका खिशात, एका पेटीत, एका टेबलावर कधीही ठेवू नयेत.

वारशाच्या बंदुकीबाबत आणखी एक बारकावा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बरेचदा ६५ मिलिमीटरचं असतं, तर आजची पुष्कळ काडतुसं ७० मिलिमीटरची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं, कारण खोक्यावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. बार उडताना ते तोंड उघडतं, पुढच्या अरुंद भागात शिरतं, वाट आवळते आणि दाब वाढतो. त्यातून नळी जर काळ्या दारूच्या जमान्यातली, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, अंगावर लाटालाटांची नक्षी असलेली असेल, तर तिला आजचं काडतूस लावणं म्हणजे हात धोक्यात घालणं. इंग्लंडमध्ये नळ्यांची दाबाची चाचणी घेऊन त्यांवर शिक्के मारण्याची पद्धत जुनी आहे. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ सालचं. ते शिक्के वाचून घेतल्याशिवाय जुनी बंदूक उडवू नये.

आता गंजाविषयी. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपात उरतं आणि त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचं जळून पोटॅशियम क्लोराईड होतं, जे जवळपास मिठाइतकंच पोलादाला खातं. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. वरून कितीही तेल चोळलं तरी खाली गंज चढतच राहतो. म्हणून ठासणीची बंदूक आधी कढत पाण्याने धुवायची, पूर्ण सुकवायची आणि मगच तेल लावायचं. आजच्या टोप्या आणि धूरविरहित दारू इतकी गंजकी नाही. तिच्या नळीत शिशाचे पट्टे आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या बुचाचा पातळ थर उरतो, आणि त्या थराखाली ओल दबून बसते. तो काढायला गजावर पितळी तारांचा ब्रश आणि सफाईचं द्रावण लागतं. ब्रश चेंबरकडून तोंडाकडे फिरवावा, म्हणजे मळ यंत्रणेत जात नाही.

तेल किती आणि कुठलं? खोबरेल नको. ते थंडीत थिजतं आणि खवट होऊ लागलं की त्यात मेदाम्लं तयार होतात. हलकं खनिज तेल हवं आणि तेही अगदी थोडं, बोट फिरवल्यावर जाणवेल न जाणवेल इतकंच. जास्तीचं तेल ओघळून दस्त्याच्या अक्रोडी लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि पोलादाशी जुळलेला सांधा ढिला होतो. जुने जाणकार बंदूक तोंड खाली करून ठेवतात ते यासाठीच. कातडी म्यानात किंवा गोणपाटात गुंडाळून मात्र ठेवू नका. दोन्ही ओल धरतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या, पण त्या भरल्या की पुन्हा तापवून सुकवाव्या लागतात. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आली तर आदल्या दिवशी साफ करून तेल लावूनच द्या, कारण पुढचे काही आठवडे तिला कोणी हात लावणार नाही.

नळीतला काळा मळ बोटांना लागतो आणि त्यात शिसं असतं. सफाई स्वयंपाकघरात करू नये, मुलांना जवळ घेऊ नये आणि चहाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. कानांचंही तसंच. बाराची बंदूक दीडशे डेसिबलच्या वर आवाज करते आणि एवढ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

नव्याने बंदूक घेणाऱ्यासाठी कायदा स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर दोनच शस्त्रं बाळगता येतात आणि परवाना पाच वर्षांचा मिळतो. परवाना आहे म्हणून रानडुकरावर बार टाकता येतो असं नाही. त्यासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

घरात वारशाने आलेली बारा बोअर असेल, तर येत्या पावसाळ्याआधी ती परवानाधारक कारागिराकडे न्या. चेंबरची लांबी आणि नळीची जाडी मोजून घ्या, आणि काडतूस कोणतं चालेल ते एका कागदावर लिहून घेऊन तो कागद बंदुकीच्या पेटीत चिकटवा. ही तपासणी होईपर्यंत तिच्यात एकही काडतूस भरू नका.