डॉनीने स्वतः काय ठरवलं?

(शेवट इथे फुटणार आहे. ‘डॉनी डार्को’ पाहायचा राहिला असेल, तर पुरवणी तूर्त बाजूला ठेवा.)

ऑक्टोबर १९८८, व्हर्जिनियातलं मिडलसेक्स गाव. डॉनी हा शाळकरी पोरगा हुशार, तिरकस आणि घरच्यांच्या जिवाला घोर लावणारा. झोपेत चालतो, मानसोपचारतज्ज्ञ बाई देतात त्या गोळ्या घेतो. एका रात्री सशाच्या भेसूर वेशातला फ्रँक त्याला घराबाहेर बोलावतो आणि २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटं, १२ सेकंदांनी जग संपणार असल्याचं सांगतो. त्याच रात्री विमानाचं इंजिन डॉनीच्या खोलीवर कोसळतं. घरात असता तर मेला असता.

पुढे माणसांच्या छातीतून निघालेला पाण्यासारखा ओघ त्याला दिसू लागतो. माणूस ओघामागोमाग चालतो. म्हणजे पुढचं सगळं आधीच ठरलेलं असतं का? भौतिकशास्त्राच्या मास्तरांशी डॉनी याच विषयावर वाद घालतो. मास्तरांचं म्हणणं बिनतोड आहे: पुढची वाट दिसली तर ती सोडताही येईल, आणि सोडता आली तर ते विधिलिखित कसलं? डॉनी मध्ये देव आणतो, तसे मास्तर नोकरीच्या भीतीने विषयच मिटवतात. वर्गात आयुष्याच्या प्रत्येक प्रसंगाला ‘भीती’ किंवा ‘प्रेम’ यांच्यामधल्या रेघेवर बसवायचा धडा असतो. डॉनी त्याला नकार देतो आणि शिकवणाऱ्या बाईंना असं काही सुनावतो की शिक्षा होते.

रिचर्ड केली यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. जाहिरातीत विमान-अपघात, आणि प्रदर्शन ऑक्टोबर २००१, म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जेमतेम दीड महिन्याने. तिकीटबारीवर तो पडला. तारला डीव्हीडीने आणि मध्यरात्रीच्या खेळांनी. मग २००४ मध्ये केलींनी ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ आणली. सुमारे वीस मिनिटं जास्त, शिवाय कालप्रवासावरच्या काल्पनिक पुस्तकाची पानं पडद्यावर.

माझं भांडण या पानांशी आहे. त्यांतल्या सिद्धान्तानुसार मूळ विश्वाला एक तकलादू फाटा फुटला आहे आणि तो कोसळायच्या आत इंजिन मूळ विश्वात परत धाडण्यासाठी डॉनीची नेमणूक झाली आहे. भोवतालचे सगळे, जिवंत आणि मेलेले, नकळत त्याला त्या कामाकडे ढकलत असतात. मग ग्रेचन? सावत्र बापाने आईला भोसकल्यावर नाव बदलून या गावात आलेली, डॉनीची पहिलीच मैत्रीण. तिच्यावरचा त्याचा जीव आणि शेवटाकडे येणारं तिचं मरण, दोन्ही सापळ्याचे भाग ठरतात. याच आवृत्तीत डॉक्टरीण बाई गोळ्यांमध्ये औषधच नव्हतं असंही सांगून टाकतात. म्हणजे ‘मी वेडा आहे का?’ हा प्रश्नही निकालात.

मूळ ११३ मिनिटांत यातलं काहीच पक्कं नाही. काळ मागे फिरतो, डॉनी पुन्हा आपल्या खोलीत असतो आणि या वेळी बाहेर पडत नाही. खदखदून हसतो आणि इंजिन कोसळतं. ग्रेचन वाचते, पण तो कोण हे तिला माहीतही नसतं. नेमणूक झालेला डॉनी असा झोपून राहिला, तर ती फार तर हुकमाची तामिली. मूळ आवृत्तीतला डॉनी तिच्यासाठी थांबला, असं निदान मानता तरी येतं. तेव्हा पाहणार असाल तर आधी २००१ची आवृत्ती पाहा. दुसरी नाही पाहिली तरी चालेल.