जाड झालेली भिंत परत पातळ होते

मोठ्या माणसाच्या हृदयात नवे स्नायू जवळजवळ जन्मतच नाहीत. अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला कार्बन-14 पेशींच्या डीएनएत मोजून स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवलं, की पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का स्नायूपेशी बदलतात आणि म्हातारपणी त्याहूनही कमी. मग बीपी असलेल्या माणसाच्या हृदयाची भिंत जाड होते ती कशी?

आहे तीच पेशी रुंद होते! आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या नव्या ओळी ती आपल्या पोटात शेजारी शेजारी रचते. भिंतीवरचा ताण दाबासोबत वाढतो आणि जाडीसोबत घटतो, हा लाप्लासचा नियम. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देणारं हृदय तो न शिकता पाळतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आमच्या देवणी जातीच्या बैलाचा खांदाही ओढकामानं असाच भरतो. पण बैलाचं जू संध्याकाळी उतरतं, बीपीचं उतरत नाही. निरोगी माणसाचा दाब झोपेत दहाएक टक्क्यांनी खाली येतो. बीपीच्या कित्येक रुग्णांत तेवढाही येत नाही. मग पेशींच्या मधे कोलॅजनचे धागे साचतात, भिंत ताठर होते, दोन ठोक्यांमध्ये नीट सैल पडत नाही, आणि जिना चढताना दम लागतो.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ' अभ्यासात 9,193 रुग्ण होते. सगळ्यांना बीपी होतं आणि ईसीजीवर भिंत जाड झाल्याच्या खुणा होत्या. बीपीच्या दोन औषधांपैकी निम्म्यांना लोसार्टन दिलं, निम्म्यांना अ‍ॅटेनोलॉल. दोन्हीकडे बीपी जवळपास सारखंच उतरलं. तरी लोसार्टनवाल्यांची जाडी जास्त ओसरली आणि त्यांच्यात पक्षाघात सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. कारण पेशीला ‘वाढ’ असं सांगणारा दाब एकटाच नसतो. अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरकही तेच सांगतं, आणि लोसार्टन नेमका त्याचाच निरोप अडवतं.

ओसरायला मात्र महिने, कधी वर्षं लागतात. आपल्याकडे ‘चक्कर आली की गोळी’ असं चालतं, आणि मधल्या दिवसांत पेशी पुन्हा तंतू रचायला लागतात. ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नये. जाडी त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. लातूरला किंवा उदगीरला एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलीत, तर कागदावर डाव्या कप्प्याच्या भिंतीचा मिलिमीटरमधला आकडा शोधा. साधारण 10 पर्यंत ठीक. 13 असेल, तर तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या एकोला डॉक्टरांपुढे दोन्ही ठेवा.