पाहुण्यांचें शहर

मुंबईहून विमानानें तीन तासांच्या अंतरावर असलेल्या दुबई शहराचें नांव मराठी घरांत आतां इतकें परिचयाचें झालें आहे कीं, तें परदेशांत आहे याची आठवण व्हिसाच्या वेळींच काय ती होते. कोंकणांतील कित्येक घरांना तर मुंबईच्या मनिऑर्डरीपाठोपाठ आखातांतून येणाऱ्या पैशाची संवय होऊन अर्धें शतक होत आलें. परंतु तेथें राहणें म्हणजे नेमकें काय, हें तिकडून येणाऱ्या खजुराच्या पेटीवरून किंवा सोन्याच्या बांगडीवरून कळण्यासारखें नाहीं.

या शहराची वस्ती ३५ लाखांवर गेली आहे आणि तींत दर दहा माणसांत सुमारें नऊ परदेशी आहेत. त्यांतही भारतीयांचा भरणा सर्वांत मोठा. परक्या मुलखांत गेलेल्या माणसास प्रथम भाषेची अडचण पडते, ती येथें पडत नाहीं. टॅक्सी पेशावरचा पठाण हांकतो, किराणा मलबारी विकतो, आणि दोघांशींही मोडक्या हिंदींत बोलून काम भागतें. अरबीचा एक शब्दही न शिकतां वीस वर्षें काढलेलीं माणसें तेथें आहेत. हें कौतुकाचें कीं लाजेचें, तें ज्याचें त्यानें ठरवावें. व्यवहाराचें हें नातें जुनें आहे. तेल निघण्यापूर्वीं दुबईच्या बाजारांत आपलाच रुपया चाले. १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या नोटा काढल्या; १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन होतांच त्याही तेथून उठल्या. आजचा दिरहम १९७३ चा.

भाषेची अडचण नाहीं, खाण्यापिण्याची नाहीं. मग अडचण आहे कोठें? ती आहे एका परवान्यांत. पगारदार माणसाची राहण्याची परवानगी त्याच्या नोकरीला बांधलेली असते. कंपनीनें त्याला आणावयाचें, सरकारी दवाखान्यानें त्याचें रक्त व छाती तपासावयाची, मग त्याला ओळखपत्र मिळावयाचें. आणि हें सारें बहुधा दोन वर्षांपुरतें. घराचा करार, बँकेंतील खातें, मुलाचा शाळाप्रवेश, मोटार चालविण्याचा परवाना, जो तो त्या कार्डाचा नंबर मागतो. बायकामुलांची परवानगी पुन्हां त्याच्या परवानगीवर अवलंबून. त्यासाठीं पगार निदान ४,००० दिरहम, किंवा कंपनीचें घर असल्यास ३,००० दिरहम, लागतो. दुबईंत जन्मलेलें मूल तेथील नागरिक होत नाहीं. बापाच्या देशाचा पासपोर्ट काढून १२० दिवसांच्या आंत त्याच्याही नांवें परवानगी घ्यावी लागते, नाहीं तर दंड सुरू होतो. अविवाहित मुलगा बापाच्या आधारावर पूर्वीं १८ वर्षांपर्यंत राहूं शके. २०२२ पासून ही मर्यादा २५ झाली. म्हणजे ज्या शहराच्या इस्पितळांत तो जन्मला, त्याच शहरांत राहण्यासाठीं त्याला पुढें स्वतःचें निमित्त शोधावें लागतें.

ज्याचा पगार वरील मर्यादेच्या खालीं, तो दुबईच्या बोलींत ‘बॅचलर’. गांवीं बायको व तीन मुलें असलेल्या गृहस्थासही तेथें हाच शब्द लावतात, आणि कुटुंबवत्सल इमारतींत त्याला खोली मिळत नाहीं. तो खोली घेत नाहीं, खाट घेतो. एका खोलींत सहा खाटा, स्वयंपाक वांटून, कपाटाची एक फळी आपली. लालबाग-परळच्या खोल्यांतून पाळीपाळीनें निजणारे गिरणीकामगार ज्यांना आठवत असतील, त्यांना हें चित्र नवें वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, गिरणीकामगार शिमग्या-गणपतीला गांवीं जाई; हा पुष्कळदां दोन वर्षांतून एकदां जातो.

शहराच्या कडेस मुहैस्ना भागांत बांधकाम-कामगारांच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. त्यांना सोनापूर हें नांव रूढ झालें आहे. सोन्याचें गांव, असा त्याचा अर्थ. परंतु मुंबईकर तें ऐकून दचकतो, कारण त्याच्या कानीं सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचें स्मशान. पहांटे येथून बसगाड्या भरून निघतात. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळांत दुपारीं साडेबारा ते तीनपर्यंत उघड्यावर काम घेण्यास कायद्यानें मनाई आहे. ती नसती तर काय झालें असतें, हें तेथील ऑगस्टची दुपार पाहिल्याशिवाय समजत नाहीं. पगार रोख न देतां बँकेमार्फत द्यावा, असा नियम २००९ मध्यें झाला, त्याचाही या लोकांस आधार झाला.

कुटुंब घेऊन राहणारा सुखी दिसतो, पण त्याचेंही गणित सोपें नसतें. उत्पन्नावर कर नाहीं, हें खरें. मात्र शहरांत घरपट्टीऐवजीं वार्षिक भाड्याच्या ५ टक्के रक्कम महिन्याच्या वीज-पाण्याच्या बिलांतून भाडेकरूच भरतो. भाडें महिन्याचें नव्हे, वर्षाचें ठरतें, आणि त्यापोटीं पुढील तारखांचे चेक मालकास आगाऊ द्यावे लागतात. कराराची सरकारीं नोंद होते. तिला ‘एजारी’ म्हणतात, म्हणजे अरबींत ‘माझें भाडें’. नोकरी गेली कीं पगार थांबतो, पण मालकाच्या खणांतील चेक थांबत नाहींत. खात्यांत पैसे नसल्यामुळें परत आलेला चेक हा तेथें कैक वर्षें फौजदारी गुन्हा होता. २०२२ च्या आरंभीं ही कडक तरतूद बरीच सैल झाली. २००८-०९ च्या मंदींत लोक विमानतळावर मोटारी टाकून निघून गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत, त्या पळापळीमागें ही एक मोठी धास्ती होती.

इतकें असूनही माणसें रमतात. देरा व बर दुबई यांच्यामधील खाडी लांकडी अब्रा होडींतून एका दिरहमांत ओलांडतां येते, आणि संध्याकाळच्या वाऱ्यांत ती पांच मिनिटांची फेरी कोणासही आवडावी. भारतीय पद्धतीच्या शाळा एप्रिलमध्यें सुरू होतात. जानेवारी २०२२ मध्यें आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवारऐवजीं शनिवार-रविवार झाली, तेव्हांपासून आईवडिलांशीं निवांत बोलण्यास रविवार मोकळा सांपडतो. तिकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हां पुण्यांत साडेनऊ झालेले असतात. म्हणून फोन जेवणापूर्वीं करावा लागतो, नाहीं तर म्हातारी निजून जाते.

२०१९ पासून दहा वर्षांची परवानगी व २०२० पासून पंचावन्न वर्षांपुढील निवृत्तांसाठीं पांच वर्षांची, अशीं दोन दारें उघडलीं आहेत. परंतु पहिल्यास मोठी मिळकत किंवा विशेष विद्या लागते, दुसऱ्यास घर, ठेव अथवा भक्कम उत्पन्न. साध्या कारकुनासाठीं जुनाच मार्ग राहतो. नोकरी संपतांना त्याला मूळ पगाराच्या हिशेबानें पहिल्या पांच वर्षांस दर वर्षाचे एकवीस दिवस व पुढें तीस दिवस, याप्रमाणें रक्कम मिळते. तीही एकंदर दोन वर्षांच्या पगारापलीकडे जात नाहीं. पेन्शन म्हणावयाची ती हीच.

मग उलट क्रमानें सारें उसवत जातें. आधीं बायकामुलांची परवानगी रद्द, मग त्याची स्वतःची. त्यानंतर देश सोडण्यास मुदत मिळते. पूर्वीं ती सरसकट तीस दिवसांची असे, २०२२ नंतर कित्येकांना अधिक मिळूं लागली. या दिवसांत मोटार विकावयाची, बँकेचें खातें मिटवावयाचें, मुलाचा दाखला काढावयाचा आणि ज्याला ‘घर’ म्हणण्याची संवय जडली होती तें रंग देऊन मालकाच्या ताब्यांत द्यावयाचें. अखेरीस वीज-पाणी खात्याकडे अर्ज जातो. तीस वर्षांपूर्वीं आलेला गृहस्थ शेवटचें बिल वजा करून फ्लॅटपोटीं ठेवलेल्या २,००० दिरहमांच्या अनामतीची वाट पाहत, गुंडाळलेल्या गाद्यांवर बसलेला असतो.