तबकडी आणि तिचे यंत्र

मनुष्याने आपले ज्ञान टिकवून ठेवण्यासाठी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या साधनांचा आश्रय घेतला. शिला, ताम्रपट, भूर्जपत्रे आणि कागद ही त्यांपैकी प्रमुख होत. ही साधने वाचावयास दृष्टी आणि लिपीचे ज्ञान एवढे पुरेसे असे. यंत्रयुगात मात्र अशी साधने निर्माण झाली की, ती नुसत्या डोळ्यांनी वाचताच येत नाहीत. त्यांना यंत्राचे साहाय्य लागते. संगणकाची चकचकीत तबकडी हे त्यांपैकीच एक साधन होय. ही तबकडी वाचणारे यंत्र प्रत्येक लॅपटॉपमध्ये असावे की नसावे, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी संगणक तयार करणाऱ्यांपुढे उभा राहिला होता. प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

प्रथम तबकडीची रचना समजून घेऊ या. तिचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी सुमारे सव्वा मिलिमीटर असते. कारखान्यात छापलेल्या तबकडीवर अतिसूक्ष्म खळग्यांची एक लांबलचक वलयाकार रेघ असते. तबकडी फिरू लागली की, लेसर नावाच्या प्रकाशाचा बारीक किरण त्या रेघेवर पडतो. खळगा आणि सपाट जागा यांवरून प्रकाश सारखा परतत नाही. या फरकावरूनच यंत्र अक्षर, ध्वनी आणि चित्र ओळखते.

जाड बोरूने लिहिले तर एका पानावर थोडी अक्षरे मावतात. टोक बारीक केले तर त्याच पानावर अधिक मजकूर बसतो. तबकडीचेही तसेच आहे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण वापरतात व तिच्यावर सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावते. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण आला आणि एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती राहू लागली. पुढे ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा किरण साध्य झाला. त्याच्या योगाने ब्लू-रे तबकडीच्या एकाच थरात २५ गिगाबाइट, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपटींहून अधिक माहिती साठवणे शक्य झाले.

एवढ्या जागेची आवश्यकता का भासली? आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीचे एक चित्र डीव्हीडीवर सुमारे चार लाख बिंदूंनी बनत असे. नव्या, अधिक सुस्पष्ट चित्रात वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. पक्ष्याच्या पिसावरील बारीक रेघही अशा चित्रात ओळखता येते. बिंदू वाढले म्हणजे त्यांची नोंद वाढणार आणि नोंद ठेवण्यास जागाही अधिक लागणार, हे उघड आहे.

परंतु सुस्पष्ट चित्राची तबकडी एकाच प्रकारची निघाली नाही. २००६ साली तोशिबा व तिच्या सहकाऱ्यांनी एचडी डीव्हीडी बाजारात आणली, तर सोनी व तिच्या सहकाऱ्यांनी ब्लू-रे पुढे केली. दोहोंचा आकार सारखा आणि किरणही सारखाच. परंतु माहितीचा थर एकीत पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरवर, तर दुसरीत अवघ्या ०.१ मिलिमीटरवर होता. परिणामी एकीसाठी केलेले साधे यंत्र दुसरीला निरुपयोगी ठरे.

अशा विसंगतीने काय घडते, हे नाशिक जिल्ह्यातील लोकांना नवे नाही. निफाडवरून जाणारा लोहमार्ग रुंद; त्याच्या रुळांतील अंतर १.६७६ मीटर. त्याच मार्गावर पुढे मनमाड लागते. तेथून मराठवाड्याकडे जाणारा मार्ग मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत एक मीटर रुंदीचा होता. त्यामुळे निफाडच्या प्रवाशाला औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाण्यासाठी मनमाडला गाडी बदलावी लागे आणि मालही एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. दोन्ही मार्ग आपापल्या परीने चांगले होते. परंतु माप एक नसल्यामुळे श्रम, वेळ आणि पैसा व्यर्थ जाई.

तबकड्यांच्या या स्पर्धेत लॅपटॉपही ओढले गेले. तोशिबाने आपल्या काही लॅपटॉपमध्ये एचडी डीव्हीडीचे, तर सोनीने ब्लू-रेचे यंत्र बसवले. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या चित्रपटसंस्थेने यापुढे केवळ ब्लू-रेचाच स्वीकार करण्याचे जाहीर केले. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. ज्यांनी त्या यंत्रासाठी अधिक मूल्य मोजले होते, त्यांच्यासाठी नव्या तबकड्या येणे लवकरच थांबले.

आता प्रत्येक लॅपटॉपमध्ये असे यंत्र असावे काय, याचा दोन्ही बाजूंनी विचार करू या. अनुकूल बाजू अशी की, तबकडी घरात असली म्हणजे पाहण्यासाठी इंटरनेटची गरज नाही. जेथे इंटरनेट मंद चालते, तेथे ही मोठीच सोय होय. शिवाय एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरील मजकूर चुकून पुसला जात नाही. निफाडच्या बाजारपेठेतील एखादा छायाचित्रकार लग्नसमारंभाचे चित्रण करतो किंवा नांदूरमधमेश्वरच्या जलाशयावरील पक्षी टिपतो. त्याला असे साधन उपयोगी पडणारच.

प्रतिकूल बाजूही तितकीच वजनदार आहे. लॅपटॉप हलका व सुटसुटीत असावा, ही पहिली अपेक्षा. तबकडीच्या यंत्राला सुमारे एक सेंटिमीटर जाडीची जागा लागते. त्याची मोटर आणि लेसर विजेचा व्यय करतात. त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन असे. तालुक्याच्या गावी तासन्‌तास वीज नसताना साठवलेल्या विजेचा प्रत्येक अंश मोलाचा होता. त्यातच सामान्य लॅपटॉपच्या पडद्यावर तेव्हा साधारण दहा लाख बिंदू असत. वीस लाख बिंदूंचे चित्र दहा लाखांच्या पडद्यावर पाहिले, तर अर्धे सौंदर्य वायाच जाणार! द्राक्षबागेचा जमाखर्च ठेवणाऱ्या शेतकऱ्याने किंवा लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याने न वापरावयाच्या वस्तूचे मूल्य का द्यावे?

कालांतराने दुसऱ्या बाजूचाच जय झाला. दोन तबकड्यांची स्पर्धा संपत होती, त्याच जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीने तबकडीचे यंत्रच नसलेला एक पातळ लॅपटॉप लोकांपुढे ठेवला. हळूहळू इतरांनीही तोच मार्ग धरला. पेन ड्राइव्ह स्वस्त झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात मोबाइलवरील इंटरनेटही स्वस्त झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर खुद्द सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

तथापि येथेच प्रश्न संपत नाही. अनेक घरांच्या कपाटांत लग्नाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आणि दिवंगत आजी-आजोबांच्या आवाजाच्या तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत. तबकडी आहे, पण यंत्र नाही, अशी त्यांची अवस्था होऊ लागली आहे. तबकडीही अमर नसते. उष्णता, दमटपणा आणि ओरखडे यांनी तिच्यावरील मजकूर नष्ट होऊ शकतो.

महाराष्ट्राने अशी अवस्था पूर्वी अनुभवली आहे. निफाड येथे १८४२ साली जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विशद केले. पेशव्यांच्या दफ्तरातील कागद मुख्यतः मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकात मोडीचा व्यवहारातील वापर बंद पडला आणि ती वाचणारे विरळ झाले. कागद सुरक्षित राहिले. पण वाचणाऱ्याच्या अभावी त्यांतील पुष्कळसा इतिहास मुका राहिला. मोडी शिकणारे अभ्यासक आहेत, म्हणूनच ते कागद अद्याप बोलू शकतात.

यावरून योग्य मार्ग दिसून येतो. प्रत्येक लॅपटॉपमध्ये तबकडीचे यंत्र बसवण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र लॅपटॉपला बाहेरून जोडता येणारी यंत्रे मिळतात. एका शाळेत किंवा एका ग्रंथालयात असे एक यंत्र असले, तरी साऱ्या गावाची गरज भागू शकते. त्याच्या साहाय्याने जुन्या तबकड्यांवरील मजकूर वेळीच नव्या साधनांवर उतरवावा. त्याच्या दोन-तीन प्रती कराव्यात, त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि काही वर्षांनी पुन्हा तपासून पाहाव्यात.

साधने येतील आणि जातील. बोरू गेला, टाक गेला, म्हणून विद्या थांबली नाही. कारण प्रत्येक पिढीने जुने लिहिलेले नव्याने उतरवून घेतले. तबकडीच्या बाबतीतही पुढच्या पिढीचे कर्तव्य हेच आहे. वस्तू नुसती जपून ठेवणे म्हणजे ज्ञान जपणे नव्हे. ते वाचता येईल अशा स्थितीत ठेवणे, हेच खरे जतन होय.