चिंतामणरावांची मतं

राष्ट्रपतिपदाची गोष्ट : लेखांक ११

या आठवड्यात १९७७ कडे वळायचं ठरलं होतं. संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती कसे झाले, ती हकिगत एक आठवडा पुढे ढकलतो आहे. कारण सेलूहून एका निवृत्त शिक्षकांचं चार पानी पत्र आलं आहे आणि त्यांनी काढलेल्या मुद्द्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटत नाही. ते लिहितात, "१९६९ ला गिरी निवडून आले ते आपल्या चिंतामणराव देशमुखांमुळे. देशमुख उभे राहिले नसते तर रेड्डी आले असते, काँग्रेस फुटली नसती आणि पुढचं सगळंच राजकारण वेगळं झालं असतं. हे तुम्ही मागच्या लेखात का लिहिलं नाही?"

हे म्हणणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि तेही घरातच. परभणीत आमचं कुटुंब एकत्र होतं. वडील हैदराबादच्या मुक्तिलढ्यात होते, नंतर काँग्रेसमध्ये राहिले आणि यशवंतराव चव्हाणांचा शब्द प्रमाण मानत. धाकटे काका इंदिरा गांधींच्या बाजूचे. त्या ऑगस्टमध्ये ओसरीवर रोज रात्री वाद चाले. वडील म्हणायचे, पक्षानं एकदा उमेदवार ठरवला की विषय संपला. काका म्हणायचे, "दादा, पक्ष म्हणजे चार म्हातारे का? तुम्ही काय सांगायलात!" पक्षाचे उमेदवार रेड्डी पडले तेव्हा वडिलांनी खापर फोडलं ते देशमुखांवर. आपल्याच माणसानं घात केला, असं ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. मोजणीचे आकडे घेऊन मी या विषयाकडे वळलो तो मुळात याच वाक्यामुळे.

तर आकडे पाहू. पंधरा उमेदवार होते. मतदान १६ ऑगस्टला झालं, मोजणी २० ला. पहिल्या पसंतीची मतं अशी : वराहगिरी वेंकट गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. उरलेल्या बारा जणांना मिळून साडेआठ हजार. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७ होतं, म्हणजे निवडून यायला ४,१८,१६९ हवे होते. गिरींना १६,६५४ कमी पडत होते, रेड्डींना १,०४,६२१.

मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंत्या मोजल्या गेल्या. शेवटी देशमुखांची पाळी आली. सगळ्या वाटपानंतर गिरी ४,२०,०७७ वर थांबले, रेड्डी ४,०५,४२७ वर. वजाबाकी करून पाहा. या वाटपात गिरींना १८,५६२ मिळाले आणि रेड्डींना ९१,८७९. दहा हजारांहून थोडी जास्त मतं पुढची पसंती नसल्यामुळे वाया गेली.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. वाटली गेलेली मतं बहुतेक सगळी देशमुखांचीच होती आणि त्यांतली गिरींच्या जवळजवळ पाचपट रेड्डींकडे गेली. देशमुख उभे नसते, तर हीच माणसं पहिल्याच फेरीत रेड्डींना मत देऊन मोकळी झाली असती आणि बेरीज फारशी वेगळी आली नसती. पसंतीक्रमाची पद्धत आहे ती याचसाठी. आपल्या विधानसभेच्या निवडणुकीत तिसरा उमेदवार मतं खातो, तसं तिथे खाता येत नाही. देशमुखांनी रेड्डींचं काही नेलं नाही, उलट रेड्डींना शर्यतीत टिकवलं ते त्यांच्याच मतांनी.

फरक किती बारीक होता तेही पाहा. तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं. गिरींकडचे तेरा खासदार रेड्डींकडे गेले असते तरी निकाल फिरला असता. साऱ्या देशात तेरा! परभणीचे तेव्हाचे खासदार शिवाजीराव देशमुख, काँग्रेसचे. त्यांचं मत कुणाला पडलं हे आमच्या ओसरीवर वडील एक सांगत आणि काका दुसरं. मतदान गुप्त होतं, त्यामुळे दोघांनाही आपापलं खरं मानायची मुभा होती.

आता चिंतामणरावांबद्दल थोडं. या माणसावर मराठी वाचकांनी फार कमी लक्ष दिलं आहे असं माझं मत आहे. महाडजवळच्या नाते गावचा जन्म, १८९६ चा. मॅट्रिकला पहिले, आयसीएसला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. आणि मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले, ही गोष्ट तर महाराष्ट्रानं विसरूच नये.

एक जुना धागा मला फार मोलाचा वाटतो. १९५४ मध्ये गिरी केंद्रात श्रममंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबत लवादानं दिलेला निवाडा सरकारनं बदलला, म्हणून गिरींनी राजीनामा दिला. तेव्हा अर्थमंत्री होते देशमुख. म्हणजे १९६९ मध्ये समोरासमोर आलेली ही दोन माणसं पंधरा वर्षांपूर्वी बँकांच्याच प्रश्नावर एका मंत्रिमंडळात दोन टोकांना होती, आणि दोघांनीही पुढे-मागे आपल्या मतासाठी मंत्रिपद सोडलं होतं. गिरींनी हंगामी राष्ट्रपती म्हणून जवळजवळ शेवटची मोठी सही केली तीही बँकांवरच, १९ जुलै १९६९ ला, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर. त्यांत आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. दुसऱ्या दिवशी पद सोडून ते निवडणुकीत उतरले.

रेड्डींची उमेदवारी ठरवणाऱ्या बंगळूरच्या बैठकीतही मराठी माणसं होतीच. काँग्रेसच्या संसदीय मंडळात रेड्डींच्या बाजूनं चार मतं पडली : कामराज, मोरारजी, स. का. पाटील आणि यशवंतराव. पाटील आणि यशवंतराव एका बाजूला आणि चिंतामणराव विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून दुसऱ्या. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ही मांडणी किती वेदनेची वाटली असेल, याची कल्पना करा. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणणारे स. का. पाटील, मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारे देशमुख आणि अखेर मुंबईसह महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारे यशवंतराव. तेरा वर्षांत सगळी घरं बदलली होती. यशवंतरावांनी नोव्हेंबरात काँग्रेस फुटली तेव्हा इंदिरा गांधींची साथ धरली. माझ्या वडिलांना ते पचायला दोन वर्षं लागली.

गुरुजींच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं आहे. देशमुखांच्या मतांनी रेड्डी पडले नाहीत. ती मतं मागायला गेल्यामुळे पडले.

देशमुख जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते. लढत अटीतटीची होणार हे दिसताच काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटले आणि त्यांच्या लोकांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी यासाठी बोलणी केली. हिशेब म्हणून यात काही वावगं नव्हतं. वर दिलेला ९१,८७९ चा आकडा सांगतो की हिशेब बरोबरही होता. पण तोवर इंदिरा गांधींची अडचण झाली होती. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांची स्वतःची सही होती. आपण सही केलेल्या माणसाला पाडा असं पंतप्रधान कसं म्हणणार? निजलिंगप्पांच्या त्या भेटींनी ही गाठ सोडवून दिली. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पत्र लिहून अध्यक्षांना जाब विचारला : ज्यांच्याशी आपण लढतो त्यांच्याशी हा समझोता कसला? त्यानंतर इंदिरा गांधींनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि प्रत्येकानं आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं, असं जाहीर झालं. दुसरी पसंती मिळवायच्या खटपटीत निजलिंगप्पांनी आपल्याच लोकांची पहिली पसंती गमावली.

माझ्या मते देशाच्या राजकारणातली दुही त्या दिवशी घराघरांत शिरली. मतभेद आधीही होते. पण "तुम्ही चुकता" या वाक्याच्या जागी "तुम्ही त्यांना मिळालात" हे वाक्य आलं. आमच्या ओसरीवर मी ते ऐकलं आहे. काकांनी वडिलांना विचारलं होतं, "तुम्ही आता जनसंघाचे झालात का?" ज्या माणसानं रझाकारांच्या काळात गाव सोडून सीमेवरच्या कॅम्पात दिवस काढले, त्याला त्याच्या सख्ख्या भावानं हे विचारलं. पुढे कित्येक दिवस दोघे एका पंगतीला बसले नाहीत. गावोगावच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरांत असेच प्रसंग घडले असणार.

पक्ष फुटला तसं चिन्हही गोत्यात आलं. बैलजोडी गोठवली गेली. १९७१ मध्ये इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन उभा राहिला आणि महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा जिंकला. बैलजोडीसह खरी काँग्रेस कोणती, हा वाद निवडणूक आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयात गेला. सादिक अली प्रकरण म्हणतात ते हेच, निकाल १९७१ चा. पक्षात बहुमत ज्याच्याकडे, पक्ष त्याचा, हे सूत्र तिथे पक्कं झालं.

परभणीच्या तरुण वाचकांना हे जुनं वाटेल, म्हणून त्यांच्या ओळखीचं सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला, तेव्हा आधार घेतला तो याच सादिक अली निकालाचा. गिरींच्या निवडणुकीतून निघालेलं सूत्र त्रेपन्न-चौपन्न वर्षांनी आमच्या जिल्ह्यातल्या शिवसैनिकांच्या घरांत येऊन पोचलं. परभणी हा शिवसेनेचा जुना गड. इथे २०२२ च्या फुटीत एकाच घरातला थोरला मुंबईकडे पाहत होता आणि धाकटा ठाण्याकडे. खासदार संजय जाधव उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले आणि २०२४ मध्ये मशाल चिन्हावर महादेव जानकर यांना हरवून पुन्हा निवडून आले. पण त्या वर्ष-दोन वर्षांत लग्नाच्या पत्रिकांवरून, गणपतीच्या वर्गणीवरून जे झालं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मला त्यात माझे वडील आणि काका दिसत होते.

याच २०२२ मधली एक गोष्ट नोंदवून ठेवतो. फूट पडल्यावर महिन्याभरात राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षानं आघाडीच्या उमेदवाराला सोडून द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. त्याआधी २००७ मध्ये शिवसेनेनं युतीतल्या मित्रांचा उमेदवार बाजूला ठेवून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं होतं, २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींना. राष्ट्रपतिपदाच्या मतदानात पक्षादेश लागू होत नाही, हे १९६९ नंतर सगळ्यांच्या मनावर कोरलं गेलं आहे. हे स्वातंत्र्य मला चांगलंच वाटतं. ते वापरल्यावर वेगळं मत देणाऱ्याला गद्दार म्हणण्याची जी सवय लागली, ती मात्र वाईट.

आणि गिरी? अर्ध्या देशाला ते इंदिरा गांधींचे माणूस वाटत होते. त्यांच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. रेड्डींची बदनामी करणारं एक पत्रक संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटलं गेलं, असा मुख्य आक्षेप होता. राष्ट्रपतीला न्यायालयात खेचता येत नाही, पण गिरी स्वतः होऊन साक्षीला गेले. पदावर असलेला राष्ट्रपती न्यायालयात बसून उलटतपासणीला उत्तरं देतो आहे, हे दृश्य या देशात त्याआधी कधी दिसलं नव्हतं. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. गिरींच्या कारकिर्दीतल्या अनेक सह्यांबद्दल माझं मत कडक आहे आणि ते मी लेखांक ९ मध्ये लिहिलं आहे. पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना मोठा मान देतो. ज्यांना आपली निवड मान्य नाही त्यांच्या वकिलाला उत्तर द्यायला ते बसले. वडिलांनी ती बातमी 'मराठवाडा'त वाचली आणि प्रथमच गिरींचा उल्लेख "राष्ट्रपती" असा केला. काकांनी तेव्हा काही बोलणं टाळलं, हेही मला आठवतं.

याच निवडणुकीचा आणखी एक परिणाम आजही कायद्यात आहे. पंधरा उमेदवार उभे राहिले, त्यांतल्या पाच जणांना एकही मत मिळालं नाही. म्हणून १९७४ मध्ये कायदा बदलून दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आली. १९९७ पासून पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार रुपये लागतात.

पुढच्या आठवड्यात मात्र नक्की १९७७. तोवर एक विनंती. सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेड, कुठल्याही जुन्या काँग्रेस किंवा शेकाप कार्यकर्त्याच्या घरी १९६९ ते ७१ या काळातली पत्रं, पक्षाची परिपत्रकं, बैलजोडीची वा गाय-वासराची प्रचारपत्रकं राहिली असतील, तर रद्दीत घालू नका. मला कळवा. मी येऊन पाहीन, टिपून घेईन आणि जशीच्या तशी परत करीन.